प्रेमकथा लिहिणाऱ्यांची शिदोरी

प्रेमाच्या कादंबऱ्यांचे नाव आपल्याकडे अजूनही जरा आवाज खाली आणूनच घेतले जाते. मुलाच्या उशाशी असे पुस्तक सापडले तर वडील माणसे म्हणतात, "कसल्या थापा वाचतोस रे!" शाळेत सापडले तर ते मास्तरांच्या टेबलाच्या खणात जाऊन पडते. या पुस्तकांविषयी दोन समजुती फार पसरलेल्या आहेत. एक अशी की, ही सगळी मनाची करमणूक. लिहिणाऱ्याला ना अभ्यास लागतो, ना चौकशी. दुसरी समजूत नेमकी उलट. लिहिणारी जर बाई असली, तर लोक विचारतात, "ही कोणाची हो गोष्ट? तिचीच असणार!" गंमत अशी की, एकच माणूस सकाळी पहिली समजूत बोलून दाखवतो आणि संध्याकाळी दुसरी.

या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर घातक आहे. ते कसे, हे आज तीन इंग्रज लेखिकांच्या आधाराने सांगणार आहे. इंग्रजीतल्याच का? तर त्यांची पत्रे, टिपणे, घरच्यांच्या आठवणी जपून ठेवलेल्या आहेत. कादंबरीतली कोणती गोष्ट कुठून आली, हे त्यांच्या बाबतीत पुष्कळसे दाखवता येते.

पहिली जेन ऑस्टिन. इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशायर नावाचा परगणा आहे. तिथल्या स्टीव्हन्टन या लहानशा खेड्यात १७७५ साली तिचा जन्म झाला. वडील गावच्या चर्चचे धर्मोपदेशक. थोडी शेती होती, आणि संसाराला जोड म्हणून ते बाहेरगावची मुले घरी ठेवून घेऊन शिकवीत. घरात आठ भावंडे. जेनचे लग्न झाले नाही. १८१७ साली, वयाच्या ४१ व्या वर्षी ती वारली. मागे तिने सहा पुऱ्या कादंबऱ्या ठेवल्या, आणि सहाही लग्न कसे जमले याच्या.

तेव्हा प्रश्न येतो, हिला प्रेमातले काय कळत होते? थोडेफार ठाऊक आहे. १७९५-९६ च्या हिवाळ्यात टॉम लेफ्रॉय नावाचा आयरिश तरुण शेजारच्या नातेवाइकांकडे पाहुणा आला होता. दोघे वीस वर्षांची. नाचाच्या समारंभांत भेटली, बोलली, हसली. पण त्याच्यापाशी पैसा नव्हता, हिच्यापाशीही नव्हता. घरच्यांनी त्याला लवकरच तिथून हलवले. पुढे तो आयर्लंडचा सरन्यायाधीश झाला. मग १८०२ च्या डिसेंबरात मैत्रिणींच्या भावाने, हॅरिस बिग-विदर याने, तिला मागणी घातली. मोठ्या जमीनजुमल्याचा वारस. संध्याकाळी ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शब्द परत घेतला. त्या रात्री तिच्या मनात काय काय आले असेल ते तिचे तिला माहीत. बहिणीने, कॅसांड्राने, पुढे तिची पुष्कळशी पत्रे जाळून टाकली.

आता तिची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' पाहा. पहिला खर्डा १७९६-९७ चा, पुस्तक छापून आले १८१३ साली. त्यात बेनेट नावाचे गृहस्थ आहेत. पाच मुली, मुलगा नाही, आणि मिळकत अशा अटीची की ती मुलींकडे न जाता दूरच्या एका पुरुष नातेवाइकाकडे जायची. म्हणजे बाप डोळ्यांआड झाला की मायलेकी उघड्यावर! हे दुःख समजावून घ्यायला आपल्याला इंग्रजी यावे लागत नाही. तो नातेवाईक, कॉलिन्स, मूर्ख आणि बडबड्या. नायिका एलिझाबेथ त्याला नकार देते, आणि तिची मैत्रीण शार्लट त्याच्याशी लग्न करते. शार्लटचे वय सत्तावीस, पैसा नाही, रूप बेताचे. लेखिका या मैत्रिणीला शिव्या देत नाही. एलिझाबेथला तिचा निर्णय पटत नाही, पण तो तिने का घेतला हे वाचकाला पुरते कळते. जेनने हॅरिसला नकार दिला तेव्हा ती स्वतः सत्ताविशीला टेकली होती. होकार आणि नकार, दोन्ही दारांत उभी राहून आलेली बाई ती. म्हणून तिला दोघी मैत्रिणी सारख्याच खऱ्या रेखाटता आल्या. पण पाहा, या पुस्तकात हॅरिस कुठेही नाही, आणि त्या रात्रीची हकिकतही नाही. अनुभव आहे, पण विरजून, घुसळून वर आलेला. दूध तसेच पानात वाढले म्हणजे त्याला कोणी लोणी म्हणत नाही.

हे घुसळणे कसे चालते याचे एक लहानसे उदाहरण देतो. जेनचे दोन भाऊ आरमारात होते. त्यातल्या धाकट्याला, चार्ल्सला, १८०१ साली शत्रूचे जहाज पकडल्याबद्दल बक्षिसाचा वाटा मिळाला. त्याने दोघी बहिणींसाठी सोन्याच्या साखळ्या आणि पुष्कराजाचे क्रूस घेतले. झाले ते एवढेच. तेरा वर्षांनी 'मॅन्सफील्ड पार्क' ही कादंबरी आली. तिच्यात फॅनी नावाची गरीब मुलगी आहे. तिचाही भाऊ आरमारात, तोही तिच्यासाठी क्रूस आणतो. पण साखळी घेण्याइतके पैसे त्याच्यापाशी नाहीत. आता नाचाला जायचे तर क्रूस ओवायचा कशात? एक साखळी तिला ज्याच्यावर तिचे मन आहे तो एडमंड देतो. दुसरी, न आवडणाऱ्या माणसाची, त्याच्या बहिणीच्या हातून आडवाटेने येते. ही दुसरी साखळी क्रूसाच्या कडीतून जातच नाही! एडमंडची साखळी मात्र सहज जाते. प्रेमाचा एक शब्द न बोलता सगळे बोलून होते. लेखिकेने आपल्या आयुष्यातून क्रूस घेतला आणि साखळी काढून टाकली. त्या मोकळ्या जागेत गोष्ट उभी राहिली.

हा झाला अनुभव. आता चौकशी पाहू. हीच कादंबरी लिहीत असताना जेनने बहिणीला पत्रातून विचारले होते की, नॉर्दम्प्टनशायर भागात शेतांना झाडाझुडपांची कुंपणे असतात का, तेवढे कळले तर बरे होईल. कादंबरी त्या भागात घडते आणि तो भाग तिच्या नित्याच्या पाहण्यातला नव्हता. दुसरा भाऊ फ्रान्सिस याला तिने लिहिले की, तुझ्या जहाजांची नावे पुस्तकात घातली तर चालेल ना? एका कुंपणासाठी पत्र! प्रेमकथेत कुंपणाचे काय अडले होते, असे आपल्याला वाटेल. पण वाचक त्या भागातला निघाला आणि त्याला कुंपण खोटे लागले, तर पुढच्या पानावरचे अश्रूही त्याला खोटेच वाटणार.

तिची पुतणी ॲना हीही कादंबरी लिहू लागली होती. ती आपली पाने आत्याकडे धाडी आणि आत्या ती तपासून देई. १८१४ सालची ही पत्रे मराठी शिकवणाऱ्या प्रत्येक मास्तराने मुद्दाम समजून घ्यावीत अशी आहेत. एका गृहस्थाचा हात मोडतो आणि दुसऱ्याच दिवशी तो मंडळींबरोबर घोड्यांच्या पागेकडे फिरायला निघतो, असे पोरीने लिहिले होते. आत्याने ते खोडले. एका गावची बातमी दुसऱ्या गावात बोलली जाते असे लिहिले होते. आत्याने कळवले की, या दोन गावांत जवळजवळ चाळीस मैलांचे अंतर आहे, तिथली बोलणी इथे पोचणार नाहीत. आणि जवळच्या गावाचे नाव घातले. पात्रे आयर्लंडला जाणार होती. आत्याचा सल्ला असा की, त्यांना खुशाल जाऊ दे, पण तू त्यांच्यामागे जाऊ नकोस. तिथल्या लोकांची रीतभात तुला माहीत नाही. आणि मग तिने सांगितले की, खेड्यातली तीन-चार घराणी एवढा ऐवज कादंबरीला पुरेसा आहे.

श्रोतेहो, इतकी दक्ष बाई, पण तिच्याही हातून चूक राहिली असे म्हणतात. 'एमा' या कादंबरीत ऐन उन्हाळ्यात, स्ट्रॉबेरी खुडायच्या दिवसांत, सफरचंदाची बाग फुलोऱ्यात असल्याचा उल्लेख आहे. इंग्लंडात ती फुले त्याच्या कितीतरी आधी झडून गेलेली असतात. तिचा भाऊ एडवर्ड मोठा जमीनदार. त्याने तिला विचारले, "जुलै महिन्यात फुलणारी ही झाडे तू आणलीस तरी कुठून?" अशी आठवण त्या घरात सांगत असत. आपल्याकडे कोणी नायक-नायिकेला श्रावणात मोहरलेल्या आंब्याखाली उभे केले, तर आपला शेतकरी वाचक हेच विचारील, आणि त्याने ते विचारावे.

याच सुमारास राजपुत्राच्या ग्रंथपालाने जेनला सुचवले की, आपण एखाद्या राजघराण्याच्या इतिहासावर भव्य प्रणयकथा लिहावी. पैसा, मान, दोन्ही मिळाले असते. तिने विनयाने कळवले की, ते आपल्याला जमणार नाही. आपली वाट सोडली तर आपले लिहिणे फसेल. आपल्यापाशी कोणती शिदोरी आहे आणि कोणती नाही, हे तिला बरोबर ठाऊक होते.

दुसरी लेखिका शार्लट ब्राँटी. हिचा स्वभाव अगदी निराळा. जन्म १८१६ चा, बालपण यॉर्कशायरच्या माळरानावरील हॉवर्थ गावात. वडील हेही धर्मोपदेशकच. लहानपणी शार्लटला आणि तिच्या बहिणींना एका निवासी शाळेत घातले. तिथे अन्न वाईट, थंडी कडक, शिस्त क्रूर. १८२५ साली तिच्या दोन मोठ्या बहिणी तिथून आजारी होऊन घरी आल्या आणि वारल्या. त्यानंतर बावीस वर्षांनी 'जेन एअर' प्रसिद्ध झाली. तिच्यात ती शाळा आहे आणि शाळेत मरणारी शहाणी, सोशिक मुलगीही आहे. ही प्रेमकथाच, पण नायिकेच्या प्रेमाला धार आली ती त्या शाळेतल्या उपाशीपणामुळे. जिला लहानपणी कोणी जवळ घेतले नाही, ती मोठेपणी प्रेमासाठी झुरते आणि तरीही स्वाभिमान विकत नाही. हे शार्लटला कुठल्या ग्रंथालयात सापडले नसते.

१८४२ साली ती फ्रेंच शिकायला बेल्जममधल्या ब्रुसेल्स शहरी गेली, आणि नंतर तिथेच शिकवू लागली. तिथले शिक्षक हेगर यांनी तिचे निबंध काळजीपूर्वक तपासले, तिच्या बुद्धीची कदर केली. ते विवाहित होते. शार्लटचे मन त्यांच्यात गुंतले. १८४४ साली घरी परतल्यावर तिने त्यांना पत्रे लिहिली. त्यांतली चारच उरली आहेत. काही फाडलेली आणि मग सुईदोऱ्याने पुन्हा जोडलेली. हेगरांच्या मुलांनी १९१३ साली ती ब्रिटिश म्युझियमला दिली, तेव्हा जगाला ती कळली.

या दुःखाचे तिने काय केले? ब्रुसेल्सवर आधी एक कादंबरी लिहिली, ती प्रकाशकांनी परत केली. ती तिच्या मृत्यूनंतरच छापली गेली. मग १८५३ साली त्याच अनुभवावर 'व्हिलेट' आली. तिच्यात रागीट पण मायाळू शिक्षक आहे, आणि त्याला लेखिकेने अविवाहित केले आहे. म्हणजे आयुष्याने जी वाट बंद केली होती ती कादंबरीत उघडली. पण शेवटी समुद्रावर वादळ येते आणि तो परत आला की नाही, हे ती स्पष्ट सांगत नाही. स्वतःला गोड शेवट देण्याची सोय हाताशी होती, ती तिने घेतली नाही. कारण जे सोसले त्याची चव तिला माहीत होती.

आता त्या घातक समजुतीकडे येतो. जेनची पहिली कादंबरी १८११ साली निघाली, तेव्हा तिच्यावर लेखिकेचे नाव नव्हते. एका बाईने लिहिलेली, एवढेच छापले होते. शार्लटने करर बेल हे टोपणनाव घेतले. नावाआड का लपायचे? "ही कोणाची गोष्ट" हा प्रश्न तेव्हाही होताच. 'जेन एअर'मधल्या नायकाची पत्नी वेडी असते आणि नायिका त्याच्या घरी शिक्षिका असते. दुसऱ्या आवृत्तीची अर्पणपत्रिका शार्लटने आदरापोटी थॅकरे या थोर कादंबरीकाराला केली. थॅकरेची पत्नी खरोखरच मनोरुग्ण होती, आणि हे शार्लटला ठाऊकच नव्हते! झाले. लंडनमध्ये कुजबुज सुरू झाली की, हे पुस्तक थॅकरेच्या घरच्या शिक्षिकेने लिहिले असावे. ज्या घरात शार्लट कधी राहिली नाही, तिथली गोष्ट तिच्या माथी मारली गेली. कादंबरीतून लेखिकेचे चरित्र शोधू पाहणारे लोक असे तोंडघशी पडतात. पण तोवर लिहिणाऱ्या बाईला जो त्रास व्हायचा तो होऊन जातो.

तिसरी लेखिका विसाव्या शतकातली, जॉर्जेट हेयर. जन्म १९०२, मृत्यू १९७४. आजारी भावाचे मन रमवायला तिने एक गोष्ट रचली आणि १९२१ साली तिचीच पहिली कादंबरी झाली. पुढे तिने जेन ऑस्टिनच्या काळावर प्रेमकथा लिहिल्या. इथे गंमत लक्षात घ्या. काळ तोच; पण जेन त्या काळात जगत होती, आणि जॉर्जेट सव्वाशे वर्षांनंतर जन्मलेली. नाचाला कोणते हातमोजे घालतात, गाडीला किती घोडे जुंपतात, हे जेनला सांगावे लागत नव्हते. वाचकालाही ते माहीत होते. जेनला जे अंगणात मिळाले, ते जॉर्जेटला कपाटांतून काढावे लागले. तिने इतिहासाच्या ग्रंथांचा मोठा संग्रह केला. त्या काळचे कपडे, गाड्या, वस्तूंच्या किमती, बोलण्यातले खास शब्द यांची टिपणे केली. वह्याच्या वह्या भरल्या.

१९३७ साली तिची 'ॲन इन्फमस आर्मी' आली. योगायोग पाहा, ही गोष्टही ब्रुसेल्समध्येच घडते, पण शार्लटच्या आधी, १८१५ च्या जून महिन्यात. नेपोलियन चालून येत आहे, आणि शहरात नाचाचा थाट चालू आहे. त्या नाचातूनच अधिकारी रणांगणाकडे निघाले, हा इतिहास आहे. तीन दिवसांनी वॉटर्लूची लढाई झाली. त्या नाचात जॉर्जेटने आपले प्रेमिक उभे केले. सेनापती वेलिंग्टन याच्या तोंडी तिने घातलेले शब्द त्याने खरोखर बोललेले किंवा लिहिलेले आहेत, असे तिचे म्हणणे होते. त्याच्या लिहिण्याची धाटणी कळावी म्हणून तिने त्याचे एक मूळ पत्र विकत घेतले होते. प्रेमकथेसाठी! आता सांगा, हिला थापा म्हणायच्या का?

पण नुसती टिपणे म्हणजे कादंबरी नव्हे. ज्या पानावर अभ्यास नुसता मांडून ठेवलेला असतो, ते पान वाचक उलटून पुढे जातो. तरुण अधिकारी निघून जातो आणि मागे राहिलेली बाई तोफांचे आवाज ऐकत बसते, तेव्हा त्या बाईच्या पोटात काय होत असेल, हे कुठल्याही वहीत नसते. ते माणसांत राहून, माणसे पाहूनच यावे लागते.

हीच गोष्ट आपल्या मराठीत पाहायची तर रणजित देसाईंची 'स्वामी' घ्या. ही १९६२ सालची. माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या, हे इतिहास सांगतो. पण आजारी नवऱ्याच्या उशाशी बसून रमाबाई काय बोलल्या असतील, ते इतिहासाच्या कागदांत मिळत नाही. सनावळी सोडता येत नाही, आणि नुसत्या सनावळीने भागतही नाही. मधली जागा लेखकाला माणसांच्या ओळखीने भरावी लागते.

हे सगळे आज सांगण्याचे कारण आपल्या जवळचे आहे. दरवर्षी आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी मुलांच्या कथा येतात. बहुतेक मुले खेड्यांतली. कथा मात्र मुंबईच्या समुद्रकाठावरच्या. नायकाला मोठी मोटार, नायिकेला मोठा बंगला, आणि दोघे पोटासाठी काय करतात याचा पत्ता नाही. त्याच मुलाला विचारा, गावात पाण्यावर एकमेकांना चोरून पाहणारी दोघे कशी ओळखू येतात? तो अर्धा तास सांगेल. ऊसतोडीच्या हंगामात ताटातूट होते, मग निरोप कसा पोचतो? तेही सांगेल. पण हे लिहायच्या लायकीचे आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते. तीन-चार घराणी पुरतात म्हणणारी ती हॅम्पशायरची आत्या त्याला कोणी भेटवलेली नसते.

मुलींची कथा याहून अवघड. त्यांना लिहिता येते, पण त्या कथा देत नाहीत. दिल्या तर नावाशिवाय देतात. दोनशे वर्षांपूर्वी जेन आणि शार्लट ज्या भीतीने लपल्या, तीच भीती आज आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसलेली आहे.

शिक्षक बंधुभगिनींना म्हणून माझी विनंती आहे. मुलाच्या दप्तरात प्रेमकथा सापडली तर ती खणात टाकू नका. त्याला दोन प्रश्न विचारा. या लेखकाला हे कुठून कळले असेल? आणि यातले काय खरे लागते, काय खोटे? हे दोन प्रश्न विचारायची सवय लागली की वाईट पुस्तके मुले आपणहून खाली ठेवतील. आणि एखाद्या मुलीने कथा लिहून आणली, तर सफरचंदाची फुले तपासा, मैलांचे अंतर तपासा, मोडलेला हात तपासा. तिने ते कोणावरून लिहिले, हे मात्र विचारू नका. वर्गात दुसऱ्या कोणाला विचारूही देऊ नका. तेवढे राखले, तर पुढची कथा ती आपले नाव घालून देईल.